दिल्लीची डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय, पुण्यात आणावी का?

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची सात सीटर डिझेल गाडी दिल्लीत पाच लाखांना मिळतेय, तशीच पुण्यात साडेआठला आहे, आणि सासरे म्हणतात, "दिल्लीची गाडी म्हणजे डोक्याला ताप." शिवाय डीएल, म्हणजे दिल्लीचा नंबर बघून पोलिस अडवतात का, हेही विचारलंय.

सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. मी २०२२ साली अशीच एक गाडी आणली आणि अजून तीच चालवतो. गाडीने ताप दिला नाही, कागदांनी दिला.

आधी ती स्वस्त का, ते बघा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घातली. पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा त्याच्या थोडी आधीची. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे या नियमाने इंजिन कितीही ठणठणीत असलं तरी दहाव्या वाढदिवसाला तिथे त्या गाडीचा खेळ संपतो. मालकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे आठव्या-नवव्या वर्षी तो विकायला काढतो आणि भाव कोसळतो. जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा नियम लागू झाला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तूर्त सक्तीची कारवाई नको असं सांगितलं, पुढे त्यातही बदल झाले. विकणारा 'आता बंदी उठली' म्हणून भाव वाढवायला लागला तर त्या दिवशीची नेमकी स्थिती काय आहे ते बघूनच बोला.

माझी गाडी २०१४ ची. विकणारे एक निवृत्त गृहस्थ होते, पश्चिम दिल्लीतले. त्याआधी तीन डीलरांकडे फिरलो. तिन्ही ठिकाणी आठ-नऊ वर्षं जुन्या डिझेल गाड्यांचं रीडिंग साठ हजारांच्या आत. पाच माणसांचं कुटुंब घेऊन दर सुट्टीत हिमाचलला जाणारी गाडी आठ वर्षांत बावन्न हजार चालते? एकीच्या क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, आणि मीटर म्हणतो बावन्न हजार. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 'कंपनीचेच टायर आहेत' म्हणाले, त्यावर ३२१९ होतं. म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१३ ची. काचांवरही वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी निघाली तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे.

या गृहस्थांनी मात्र ग्लोव्ह बॉक्समधून एक छोटी डायरी काढून दिली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल: तारीख, लिटर, रीडिंग, शेजारी बारीक अक्षरात ॲव्हरेज. शेवटची नोंद आदल्या आठवड्याची, एक लाख अठरा हजार. मी त्या डायरीला पैसे दिले म्हटलं तरी चालेल. बंपरवर ओरखडे होते, चारही कोपऱ्यांवर, पण दिल्लीत बिनओरखड्याची गाडी दाखवली तर उलट रंग नवीन आहे का ते बघावं.

सौदा चार लाख साठ हजारांना झाला. इथून पुढे माझं शहाणपण संपलं.

गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आधी एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायची. गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा अहवाल. चलन थकलेलं असेल तर ते भरेपर्यंत एनओसी अडते. माझ्या गाडीवर सिग्नलची आणि वेगाची मिळून चार निघाली, ती त्या गृहस्थांनी कुरकुर न करता भरली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. सगळं छान. फक्त एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने काढायची हे तिथल्या एजंटाने मला विचारलंच नाही. पुण्याचा माणूस म्हणून त्याने सरळ पुणे टाकलं. मी राहतो हिंजवडीत. माझा पत्ता पिंपरी-चिंचवडच्या, म्हणजे एमएच १४ च्या हद्दीत येतो.

इथल्या खिडकीवर कागद परत आला. पुन्हा दिल्लीला कुरिअर, पुन्हा त्या गृहस्थांची सही, पुन्हा एजंटाचे पैसे. दीड महिना गेला. तो माणूस चांगला म्हणून निभावलं. डीलरकडून घेतली असती तर मूळ मालक कोण आणि कुठे, हे शोधण्यातच वर्ष गेलं असतं. बरेच डीलर गाडी स्वतःच्या नावावर करतच नाहीत. मालकाची मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवतात आणि गाडी तशीच तीन हातांतून फिरते. विकणाऱ्यालाही हे महागात पडतं. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच ज्याचं नाव नोंदणीत आहे, मग गाडी पुढे कितीही जणांना विकलेली असो. आमचे गृहस्थ दर रविवारी फोन करून 'ट्रान्सफर हुआ क्या?' विचारायचे ते उगीच नाही.

त्यांचा एक फोन मात्र वेगळा होता. मी साताऱ्याला निघालो होतो. खेड शिवापूरचा टोल ओलांडला आणि पाच मिनिटांत फोन: "भाईसाब, आप ये खेड शिवापुर में क्या कर रहे हैं?" काचेवरचा फास्टॅग त्यांचाच होता, पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. आदल्या महिन्यात दिल्ली ते पुणे साडेचौदाशे किलोमीटरही मी त्यांच्याच पैशांनी आलो होतो. ते संकोचाने बोलले नव्हते. त्याच रात्री सगळा हिशोब करून पैसे पाठवले, त्यांना तो टॅग बंद करायला सांगितला आणि माझा नवीन घेतला. किल्ली हातात घ्यायच्या आधी फास्टॅग खरवडून काढा, एवढं लक्षात ठेवा.

आता पोलिसांचं. हो, अडवतात. चार महिन्यांत मला सहा वेळा बाजूला घेतलं. त्यातली कात्रजच्या अलीकडची गोष्ट सांगतो. मामांनी हात केला, मी काच खाली केली. "कहाँ से आये हो? गाडी साइड में लो, पेपर दिखाओ." मी म्हटलं, "साहेब, हिंजवडीहून आलोय, नऱ्ह्याला चाललोय, बहिणीकडे." ते दोन सेकंद गप्प. मग, "अहो, मराठी आहात होय! मग ही दिल्लीची कशाला घेतलीत?" हाच प्रश्न माझी आईही विचारत होती.

मी मोबाइलवर डिजिलॉकर उघडून आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी दाखवलं. सोबत एनओसीची झेरॉक्स. केंद्रीय नियमांत २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात. मूळ आरसी हातात दिलीच पाहिजे असं नाही. साहेबांनी दोनदा वाचलं. "टॅक्स भरला नाही महाराष्ट्राचा." मी म्हटलं, "फाइल लागलीय साहेब, ही पावती." तेवढ्यात आमच्या शेजारून एक काळी गाडी गेली, नंबर ४१४१, आणि तो इंग्रजी आकड्यांत असा वळवलेला की लांबून फक्त 'दादा' वाचता यावं. काचा काळ्या. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. माझी पाटी नियमातली, सरळ अक्षरांत, आणि मी बाजूला! शेवटी "करून घ्या लवकर" म्हणून सोडलं. सहापैकी पाच वेळा असंच झालं. एकदा पीयूसी संपून दोन दिवस झाले होते, त्याचं चलन आलं. ते माझंच चुकलं होतं.

अडवल्यावर लोक हमखास ज्या नियमाचा आधार घेतात तो नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. 'म्हणजे आपल्याला वर्षभर बघायला नको' असं एजंटही सांगतात. पण हे बदली होऊन आपलीच गाडी घेऊन आलेल्याला लागू आहे. तुम्ही गाडी विकत घेताय. कलम ५० प्रमाणे मालकी बदलल्याचं विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. दोन वेगळी घड्याळं आहेत आणि तुमच्यासाठी छोटं आधी वाजतं.

कर भरताना पोटात गोळा येईल, त्याची तयारी ठेवा. महाराष्ट्रात डिझेल गाडीला एकरकमी कर आहे: दहा लाखांपर्यंत १३ टक्के, दहा ते वीस लाखांना १४, त्यावर १५. जुन्या गाडीला वयाप्रमाणे हा आकडा उतरत जातो, पण तो लावतात नवी असतानाच्या बिलाच्या किमतीवर. तुम्ही पाच लाखांना घेतली हे आरटीओच्या गणितात कुठेही येत नाही. त्यामुळे जुनं मूळ बिल मागून घ्या. दिल्लीत आधी भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज तिकडे करायचा असतो आणि त्यासाठी पुन्हा मूळ मालकाची मदत लागते. मी तो नाद सोडला.

पासिंगच्या दिवशी गाडी घेऊन जावं लागतं. एकाने बॉनेट उघडून चासी नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. नंबर कागदावर उमटतो, तो फॉर्मला चिकटवतात. माझ्या नंबरावर काळ्या ग्रीसचा थर होता. रॉकेलचं फडकं शोधायला बाहेरच्या टपरीवर जावं लागलं. घरून पुसून न्या.

माझा हिशोब असा. गाडी ४,६०,०००. दिल्लीकडचा एजंट, दोन वेळचा मिळून, १२,०००. जाण्यायेण्याचा खर्च २१,०००. कर १,०८,०००. इकडचा एजंट ९,०००. चार टायर ३४,०००. विमा १९,०००, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तो त्या गृहस्थांकडेच राहिला. एकूण ६,६३,०००. तेव्हा पुण्यात तशीच गाडी सव्वासात-साडेसातला होती. म्हणजे वाचले साठ ते पंच्याऐंशी हजार, आणि गेले पाच महिने व चार रजा. निम्मा भाव वगैरे काही नाही.

विकताना अजून थोडे कापले जातील. गाडीचं मॉडेल चौदाचं आणि नंबराची सीरिज बावीसची. हे आपल्याकडे कुणालाही कळतं, पहिल्याच संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, बाहेरची घेतली का?" सेकंड हँड बाजारातला माणूस तर नंबर वाचूनच दहा टक्के कमी सांगतो.

तरी मला पश्चात्ताप नाही, कारण मला सात सीटची गाडी हवी होती, दहा वर्षं वापरायची होती आणि माणूस खरा मिळाला. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये.

तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे दहा वर्षांची मुदत २०२६ ची. तुमच्यापेक्षा घाई विकणाऱ्याला आहे, त्यामुळे पाच लाख हा भाव जास्तच वाटतो. नोंदणीची तारीख विचारा, साल नाही. मुदत त्या तारखेला संपते. इथल्या आरटीओत आधी जाऊन दिल्लीची इतकी जुनी डिझेल गाडी ते घेतात का, ते विचारून या. दिल्लीहून एनओसी देताना काही ठिकाणांसाठी अटी असतात. मग विकणाऱ्याला फोन करून एनओसीवर कोणत्या आरटीओचं नाव घालणार ते विचारा. "वो सब हो जाएगा" असं उत्तर आलं तर टोकन पाठवू नका. सासऱ्यांना दिल्ली नकोच असेल तर पुण्यातलीच बघा, पण टायरवरचे ते चार आकडे तिथेही वाचा.