नोहाच्या जलप्रलयामागे देवाचा राग होता की न्याय?

राग तर नक्कीच नाही. ही गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत आहे: देव पुराने जग बुडवतो, तारवातला नोहा आणि त्याचं घर तेवढं वाचतं. तिथल्या ६ व्या अध्यायात रागाचा शब्दच नाही. माणूस घडवल्याचा देवाला अनुताप झाला, चित्ताला खेद झाला, असं ६:६ मध्ये आहे. अत्राहसीसच्या प्राचीन बाबिलोनी पूरकथेत एन्लिल हा देव माणसांच्या गलक्याने झोपमोड होते म्हणून पूर आणतो. इथला देव दुःखी आहे.

माझा धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा असताना तापाने गेला. तिसऱ्या दिवशी एक पाळक प्रार्थनेला घरी आले आणि आईसमोर म्हणाले, "नोहाच्या वेळी तान्ही बाळंही बुडाली. देव विनाकारण काही करत नाही, घरात काय चुकलं ते शोधा." वडील खाली मान घालून "आमेन" म्हणाले. आई उठून आत गेली. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ती स्वयंपाकघरात बायबल उघडून बसलेली. ६:६ खाली नखाने रेघ ओढत होती. "बघ, त्यालाही वाईट वाटलंय," एवढंच म्हणाली. त्या पातळ पानावर नखाचा वळ अजून आहे.

पुढे वडिलांशी माझा वाद वीस वर्षं चालला. ते म्हणायचे, पृथ्वी जुलमाने भरली होती म्हणून शिक्षा झाली. बरोबर, ६:११ मध्ये तसं आहेच. पण मग ८:२१ वाचा. पाणी ओसरल्यावर देव म्हणतो, पुन्हा असा संहार करणार नाही, कारण माणसाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईटच असतात. ज्या कारणासाठी बुडवलं, तेच आता न बुडवण्याचं कारण! माणूस होता तसाच राहिला, बदलला तो देव. यावर वडील बायबलच्याच गणना या पुस्तकातलं २३:१९ काढायचे, की देव पस्तावायला मनुष्य नाही. मी १ शमुवेल १५ काढायचे. तिथे ११ व्या वचनात देव पस्तावतो आणि २९ व्यात पस्तावत नाही. एकाच अध्यायात!

तान्ह्या बाळांचा काय दोष, याचं उत्तर मात्र या अध्यायांत नाही, आणि माझ्या वाचनाने ती वाचतही नाहीत. पण उत्पत्तीतच पुढे, सदोम शहराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवाशी 'पन्नास नीतिमान सापडले तर' पासून 'दहा सापडले तर' पर्यंत घासाघीस करतो, आणि नोहा तारू बांधताना चकार शब्द बोलत नाही. तुमच्या घरी कुणी दुःखात असेल आणि कुणी हा प्रलय त्यांच्या तोंडावर फेकला, तर तिथल्या तिथे बोला. त्या दिवशी आमच्या घरात "आमेन" म्हणण्याऐवजी वडिलांनी बोलायला हवं होतं.