अ‍ॅम्प्लिफायरमधून खरखर येते आणि मधूनच रेडिओ स्टेशनचं बोलणं ऐकू येतं. महागडी शील्डेड केबल घेतली तर जाईल का?

आत्ता केबल घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकने "अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे, अर्थची पिन काढून बघा" असंही सुचवलं. ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) लावला की दोन गाण्यांमधल्या शांततेत कोरडी, करकरीत खरखर यायची. दुरुस्तीला आलेल्या माणसाने अ‍ॅम्पचं झाकणही न उघडता निकाल दिला: अर्थिंग. दादाने लगेच त्याची बाजू घेतली आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला उठला. मी पिनला हात लावू दिला नाही. अ‍ॅम्पची बॉडी धातूची. आत लाइव्ह वायर सुटून बॉडीला टेकली तर करंट अर्थमधून जातो आणि ब्रेकर पडतो. ती वाटच तोडली तर बॉडी जिवंत राहते, कोणाचा तरी हात लागेपर्यंत. खरखर ऐकून कोणी मरत नाही.

मग सेलवर चालणारा छोटा रेडिओ काढला. मीडियम वेव्हवर, जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवला आणि आवाज वाढवला. तीच खरखर! मेन स्विच बंद केला, रेडिओ गप्प. म्हणजे उगम घरातच होता. मग एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनचा ब्रेकर) पाडत गेलो आणि दादाच्या खोलीच्या लाइनवर आवाज तुटला. लाइन परत चालू करून रेडिओ हातात घेतला आणि त्या खोलीत हळूहळू फिरवला. या रेडिओच्या पोटात फेराइटचा (लोखंडी ऑक्साइडच्या चुंबकीय मातीचा) आडवा रॉड असतो, तोच त्याचा अँटेना. त्याचं टोक उगमाच्या दिशेला आलं की आवाज एकदम पडतो, रॉडची लांब बाजू उगमाकडे वळली की पुन्हा उसळतो. दोन-तीन कोपऱ्यांतून दिशा धरली तर सगळ्या रेषा पलंगाजवळच्या टच लॅम्पवर येऊन मिळाल्या.

दादा म्हणाला, "अरे, तो तर बंद आहे." हो, बल्ब बंद होता, पण सर्किट चालू होतं. बोटाचा स्पर्श ओळखायला आतला ऑसिलेटर (सतत कंप पावणारा सिग्नल बनवणारं सर्किट) सतत चालू लागतो आणि तो दिव्याच्या धातूच्या अंगाला जोडलेला असतो. अख्खा दिवा आणि त्याची वायर मिळून अँटेना. प्लग उपसला, खरखर गेली. लावला, आली. एवढं स्वतःच्या कानांनी ऐकूनही दादा आजतागायत म्हणतो, "अर्थिंगही खराब होतीच." नव्हती. त्या अर्थिंगला कोणी हात लावलेला नाही आणि अ‍ॅम्प आज स्वच्छ वाजतोय.

आता तुमचं. सगळे इनपुट काढून ऐका आणि व्हॉल्यूम शून्यावर न्या. शून्यावरही बोलणं येत असेल तर ते व्हॉल्यूमच्या नॉबनंतरच्या भागात शिरतंय, बहुधा स्पीकरच्या लांब वायरींतून; तिथून ते फीडबॅकच्या वाटेने (आउटपुटचा थोडा भाग परत आत नेणाऱ्या जोडणीने) उलटं आत पोहोचतं. अशा वेळी इनपुटला सोन्याची केबल लावली तरी उपयोग शून्य. स्पीकर वायर आखूड करा, अ‍ॅम्पजवळ फेराइटच्या रिंगमधून गुंडाळा. नुसती ओवू नका, वेढे द्या: परिणाम साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे जवळजवळ नऊपट. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर एकेक इनपुट जोडून दोषी शोधा. टर्नटेबल असेल तर संशय आधी तिथेच. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डोक्यातून) जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात आणि फोनो स्टेज (टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्पचा भाग) ते शंभरपट करते, सोबत आलेला कचराही.

स्टेशनचं बोलणं ऐकू येतं याचा अर्थ अ‍ॅम्पमधलाच एखादा ट्रान्झिस्टर डिटेक्टरचं काम करतोय, म्हणजे रेडिओ लहरींतून आवाज वेगळा काढतोय. ट्रान्समीटर अगदी जवळ असेल तर घरातले प्लग उपसून ते बोलणं जाणार नाही. इनपुटवर छोटा आरसी फिल्टर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, जी रेडिओ लहरी अडवते) बसवून घ्यावा लागेल. तुमची खरखर आणि बोलणं या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात, त्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

आणि हो, खरखरीऐवजी एकसुरी 50 हर्ट्झची गुणगुण असती तर तो मेकॅनिक अर्धा बरोबर ठरला असता. ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेल्याने तयार होणारं वळसं, खरा असतो. पण त्यावरही उपाय म्हणजे सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घेणं किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा) घालणं. पिन काढणं नाही. तुमच्या घरीही कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलं तर आधी सेलवरचा रेडिओ त्याच्या हातात द्या.