रस्ता उंच झाला, पाणी आमच्या सोप्यात

प्रश्न : आमचं घर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावात, अगदी रस्त्याला लागून आहे. गेल्या उन्हाळ्यात जुन्या डांबरी रस्त्यावरच काँक्रीट ओतलं आणि रस्ता आमच्या उंबऱ्याच्या वर गेला. घराच्या वरच्या अंगाला रस्त्याखालून मोरी होती, तिचं तोंड बुजलं. नवीन गटार आमच्या कोपऱ्यापर्यंत आणून तिथंच सोडलंय. पावसाळ्यात सोप्यात पाणी भरलं, भाताची पोती विटांवर चढवावी लागली. पंचायतीत म्हणतात रस्ता आमचा नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणतात गटार पंचायतीचं. शेजारी म्हणतात, तुमची जागा सखल, पाणी येणारच. आमचे मालक दारापुढं मुरमाचा बांध घालणार आहेत. घालावा का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, बांध घालू देऊ नका. मी रस्त्याच्या खात्यात नोकरी केली. दारापुढच्या अशा बांधांवरून सख्ख्या भावांत तक्रारी झालेल्या पाहिल्यात. तुम्ही अडवलेलं पाणी खालच्या घरात शिरेल आणि मग दोषी तुम्ही ठराल.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 चा. मुंबई इलाख्याला तो 1891 साली लागू झाला, आपला जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी उताराप्रमाणे आपसूक खाली आलं, तर खालच्या मालकानं ते येऊ द्यायचं, असं त्यात आहे. पण हे आपसूक पसरत येणाऱ्या पाण्यापुरतं. गटारात गोळा करून तुमच्या कोपऱ्यावर आणून सोडलेलं पाणी त्यात बसत नाही. तुमची सगळी बाजू या एका फरकावर उभी आहे, म्हणून अर्जात ‘आमच्या घरात पाणी येतं’ एवढंच लिहू नका. ‘मोरी बुजवली आणि गटाराचं तोंड आमच्या जागेकडे सोडलं’ असं लिहा.

पाणी किती, तेही लिहा. सहा मीटर रुंद रस्त्याच्या शंभर मीटर लांबीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 30,000 लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजारी टँकर तीन. आपल्या पश्चिम भागात आर्द्रा-पुनर्वसूत एका दिवसाला एवढा पाऊस काही नवलाचा नाही. काँक्रीटमध्ये थेंब मुरत नाही. पूर्वी बाजूच्या कच्च्या पट्टीत थोडंफार जिरायचं, तेही बंद झालं.

आता रस्ता कुणाचा ते बघू. गावातली गल्ली असेल तर ग्रामपंचायत. गावांना जोडणारे ग्रामीण रस्ते बहुतेक जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाकडे, जिल्हा मुख्य रस्ता आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. राष्ट्रीय महामार्गाचं खातं वेगळं, आणि शहरात महापालिका. तोंडी विचारलं तर सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतील, म्हणून माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. त्यात या कामाचं एस्टिमेट, नकाशा आणि मोजमापाच्या वहीची प्रत मागा. एस्टिमेटमध्ये गटार कुठपर्यंत धरलं होतं, मोरी धरली होती का, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. गटार धरलं असून केलं नसेल तर तो ठेकेदाराचा आणि सही करणाऱ्याचा विषय. धरलंच नसेल तर एस्टिमेटच चुकलं. दोन्हीकडून जबाबदार तेच खातं, ज्यानं रस्ता उंच केला. मूळ थर खरवडून मग काँक्रीट घालता आलं असतं; ते टाळून वर वर चढवत जाण्यानं गावोगावी घरं खड्ड्यात चाललीत, याचा मला फार त्रास होतो.

सर्व्हे कचेरीतून गावनकाशाही काढा. मोरीचं पाणी पूर्वी कुठं जायचं? बहुधा एखाद्या ओढ्याला. तो नकाशावर असेल आणि पहाणी उताऱ्यात ‘ब खराब’ म्हणून दाखवला असेल, तर ती जागा सार्वजनिक आहे. कुणी भराव टाकून तिथं प्लॉट पाडले असतील तर तुमच्या सोप्यातल्या पाण्याचं मूळ तिथं आहे. बळ्ळारी नाल्याकाठी येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात दरसाल पाण्याखाली जातं, तिथंही पाण्याची वाट अडलीय हेच दुखणं आहे.

एक गोष्ट आधी स्वतः तपासा. फाटकापुढं गाडी चढवायला स्लॅब किंवा मातीचा उतार केलाय का? केला असेल तर खाली पुरेसा पाइप हवा. तेवढी जबाबदारी आपली. साहेब पाहणीला आले की पहिलं बोट तिथंच ठेवतात.

अर्ज एकट्याच्या नावानं देऊ नका. समोरच्या आणि खालच्या घरांच्या सह्या घ्या, पावसातले फोटो तारखेसह जोडा, कन्नड प्रत सोबत द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. खातं हललं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम त्यांना काढता येतो. सह्या म्हणूनच हव्यात, एका घराची अडचण त्या कलमात सहजी बसत नाही. हेच कलम पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 133 होतं. त्याच्याच आधारे रतलामच्या रहिवाशांनी गटारांसाठी नगरपालिकेला कोर्टात खेचलं, आणि 1980 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पैसे नाहीत ही सबब नाकारली. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

नुकसानभरपाईचा दावा सरकारवर लावायचा झाला तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, त्यासाठी वकील गाठा. पण आधी मोरी उघडून घ्या, पुढचा पाऊस दाव्यासाठी थांबणार नाही. एस्टिमेट आणि गावनकाशाच्या प्रती हाती आल्या की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, मोरीची जागा बघून पुढचा अर्ज मी लिहून देईन.