नाकाचं ऑपरेशन: उघडं, बंद की नुसतं इंजेक्शन?

प्रश्न: नाकाच्या दांड्यावर उंचवटा आहे. एक डॉक्टर ‘ओपन’ सुचवतात, दुसरे ‘क्लोज्ड’. व्रण कशात कमी? दोन महिन्यांवर लग्न आहे.

बंद पद्धतीत सगळे छेद नाकपुडीच्या आत असतात. उघड्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर काही मिलिमीटरचा एक छेद जास्त. बहुतेकांचा तो व्रण वर्षभराने शोधावा लागतो, त्यामुळे व्रणावरून ठरवू नका. नुसता उंचवटाच असेल तर बंद पद्धत छान. शेंडा वाकडा असेल किंवा आधी एकदा ऑपरेशन झालं असेल, तर मला कूर्चा (नाकातलं मऊ, लवचीक हाड) डोळ्यांसमोर लागते. तिथे मी उघडंच करतो. आणि लग्न आधी उरकून घ्या. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं.

प्रश्न: पार्लरमध्ये पंधरा मिनिटांत फिलरने (कातडीखाली टोचायच्या जेलने) नाक सरळ करून देतात. करू का?

पार्लरमध्ये अजिबात नको. फिलरने खळगा भरतो, नाक लहान होत नाही. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर त्यांत शिरलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. करायचंच असेल तर प्रशिक्षित डॉक्टरकडे, हायलुरॉनिक ॲसिडचं, आणि ते विरघळवणारं हायलुरॉनिडेज तिथे हाताशी आहे का, हे विचारूनच.

प्रश्न: माझी डावी नाकपुडी कायम बंद. ‘हाड वाढलंय’ म्हणतात. उंचवटा काढला तर श्वास आणखी कोंडेल?

हा प्रश्न सगळ्यांनीच विचारायला हवा. ‘हाड वाढलंय’ म्हणजे बहुधा दोन नाकपुड्यांमधला आतला पडदा वाकडा आहे. आरशासमोर डाव्या गालाला बोट लावून तो हळूच बाहेर ओढा. श्वास एकदम मोकळा झाला, तर अडचण पडद्याच्या आणि बाजूच्या कूर्चेच्या सांध्यातही असू शकते. उंचवटा तासताना नेमका हाच सांधा सुटतो आणि आत खचू शकतो. म्हणून पडद्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या दोन पट्ट्या तिथे बसवतात. काही नाकांत दांड्याचा वरचा भाग अखंड ठेवून खालचा आधारच कमी करतात, म्हणजे दांडा आपोआप खाली बसतो. मात्र पडद्याची पुढची आणि वरची निदान सेंटिमीटरभर रुंद कड शाबूत राहिलीच पाहिजे. ती गेली की पुढे नाक खचतं. पडदा आणि उंचवटा, दोन्ही एकाच वेळी करून घ्या.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा आहे, नाकासाठी हट्ट धरून बसलाय.

थांबा. मुलांच्या नाकाची वाढ साधारण १७-१८ पर्यंत चालते. तोवर वर्गात त्याला कोणी चिडवतं का, हे शांतपणे विचारा.