वाचकांचे प्रश्न : धावण्यासाठी कोल्हापूर

प्रश्न : बदलीमुळे कोल्हापुरात आलो आहे. धावण्यासाठी एखादे शहर चांगले कशामुळे ठरते, आणि कोल्हापूर तसे आहे का?

उत्तर : वाहनांच्या वर्दळीने न अडणारी सलग वाट, सावली आणि चढ-उतारांचे वैविध्य घराजवळ मिळाले, तर धावण्यात सातत्य राहते, माझ्या मते यात वाटेचे महत्त्व सर्वाधिक आहे. रंकाळ्याच्या काठाने, शालिनी पॅलेसच्या बाजूला, पहाटे धावणाऱ्यांची सोबत असते, मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर वेग आवरावा. शिवाजी विद्यापीठाच्या झाडीभरल्या विस्तीर्ण परिसरातील हलके चढ पोटऱ्यांना ताकद देतात. सुमारे 20 किलोमीटरवरील पन्हाळ्याचा घाट मात्र पुरेशा सरावानंतरच, वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेने चढावा.