रेनेसाँसच्या वास्तुकलेचं आजच्या इमारतींत काही उरलंय का?

तुमचा प्रश्न असा की रेनेसाँसचा (युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या प्रबोधनकाळाचा) प्रभाव म्हणजे बंगल्यांपुढचे ते पांढरे गोल खांब, एवढंच का? मी पंचवीस वर्षं नकाशे काढतोय आणि ते खांब मीही लावून दिलेत. फायबरचे, आतून पोकळ, डोक्यावर कोरीव पानं. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतं, आणि पोट सगळ्यांनाच असतं.

पण खरा वारसा माझ्या टेबलावर आहे. मंजुरीसाठी आपण प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), एलेव्हेशन (बाहेरून समोरचं चित्र) आणि सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसणारा आतला भाग) देतो ना? १५१९च्या सुमारास इटालियन चित्रकार-वास्तुकार राफाएलने पोप दहाव्या लिओला लिहिलेल्या पत्रात इमारत याच तीन रेखाटनांत मांडायला सांगितलंय. त्याआधी पंधराव्या शतकातल्या आल्बेर्ती या इटालियन वास्तुकाराने बजावलं होतं की सावल्या-बिवल्या चित्रकाराला सोडा, वास्तुकाराने मापात बसणाऱ्या रेषा काढाव्यात. पूर्वी बरंच काही साइटवर मुख्य गवंडी ठरवायचा. आता घर आधी कागदावर पुरं व्हायला लागलं. माझा धंदाच तिथून सुरू होतो म्हणा.

दुसरी गोष्ट मापांची. पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराने १५७०च्या आपल्या ग्रंथात खोल्यांचे सात आकार सुचवले: गोल, चौरस, आणि मग लांबी-रुंदीची ठरावीक प्रमाणं, जसं दोनास तीन, तीनास चार. व्हेनिसजवळ ब्रेंता कालव्याकाठी त्याचा मालकोंतेंता नावाचा व्हिला आहे, साधारण १५६०चा. समोरून त्याचे पाच पट्टे पडतात: रुंद, अरुंद, रुंद, अरुंद, रुंद. म्हणजे २:१:२:१:२.

आता पॅरिसबाहेर गार्शला चला. १९२७च्या सुमाराचं, ल कॉर्ब्युझिए या आधुनिक वास्तुकाराचं घर: सपाट छप्पर, लांबच लांब पट्टीसारख्या खिडक्या, नक्षीचा मागमूस नाही. तिथेही पट्टे २:१:२:१:२! कॉलिन रो या समीक्षकाने १९४७ साली दोन्ही नकाशे शेजारी ठेवून हे दाखवलं. मी कॉलेजात असताना ट्रेसिंग पेपरवर दोन्ही काढून एकमेकांवर ठेवले होते. उभ्या रेषा जुळल्या, आडव्या जुळेनात, आणि मजा तिथेच आहे. पॅलाडिओकडे वजन विटांच्या भिंतींवर, त्यामुळे वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच यायला हवी. म्हणून मधोमध क्रुसाच्या आकाराचं मोठं दालन आणि दोन्हीकडे खोल्या आरशात पाहिल्यासारख्या. कॉर्ब्युझिएकडे वजन आरसीसी कॉलमवर. मग भिंती हव्या तिथे, हव्या तशा वळलेल्या, आणि मध्य असा कुठे उरतच नाही. माप जुनंच, पण आतलं घर मोकळं सुटलं. तुमच्या फ्लॅटमध्ये मधली भिंत काढून हॉल वाढवता येत असेल तर तेही याच कारणाने. (स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काढू नका.)

हे सगळं मी एकदा एका गिऱ्हाइकाला सांगितलं, फायबरच्या खांबांपासून त्याला परावृत्त करायला. बोलण्याच्या भरात हेही सांगून बसलो की मालकोंतेंताचे ते भव्य खांब दगडी नाहीतच, विटांचे आहेत, वरून गिलावा. तो हसला आणि म्हणाला, "मग साहेब, आपल्यात आणि त्याच्यात फरक काय?" पॅलाडिओच्या खांबांनी छपराचा अख्खा त्रिकोण तोललाय, हे उत्तर मला परतताना गाडीत सुचलं. खांब लागले.