सोलापुरात एका दुपारपुरतं थांबायचं आहे. जुनी, घरच्यांनीच चालवलेली मटण खानावळ कशी ओळखावी आणि तिथं काय मागवावं?

आधी वार बघून या. सोमवार सिद्धेश्वराचा, मी लहानपणापासून जिथं जेवतो त्या खानावळीत त्या दिवशी मटणाचं पातेलं चढतच नाही. श्रावणातही तेच.

ही खानावळ पूर्व भागातल्या एका बोळात आहे. सहा टेबलं, बाहेर बारकी पाटी. आमच्याकडं १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढं खेड्यांतून एकेकटी आलेली माणसं अशा ठिकाणी महिन्याच्या खात्यावर जेवू लागली. माझे वडीलही गिरणीतलेच, पगाराच्या दिवशी मला तिथं न्यायचे. आता तिसरी पिढी आहे: गल्ल्यावर थोरला मुलगा, पातेल्याशी त्याची आई, भाकरीला दोन्ही सुना. नाव मुद्दाम देत नाही, कारण रस्सा दिवसातून एकदाच होतो आणि रोजच्या गिऱ्हाइकांनाच कसाबसा पुरतो. पण अशा खानावळी अजून आहेत. खूण एकच: भाकरी थापल्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत आला पाहिजे.

मटण ताट सांगा. नळी हवी असेल तर साडेबाराच्या आत पोचा. आधी वाटीत अळणी येईल, म्हणजे हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेल्या मटणाचं नुसतं पाणी. बरेच जण ते बाजूला सारतात. तसं करू नका. मसाला घालून काहीही झाकता येतं, अळणीत मात्र बोकड कोवळं होतं की जून ते पहिल्या घोटाला कळतं.

मग काळा रस्सा. तो काळा होतो तो भाजलेल्या सुक्या खोबऱ्यानं, कांद्यानं, तिळानं आणि दगडफुलानं. मागच्या वर्षी पाहुण्यांना हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात नेलं, तिथं रस्सा लालभडक होता आणि तिखटापलीकडं जिभेला काही लागलं नाही. पाहुणे सोलापूरचं मटण म्हणून तेवढंच खाऊन गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट, कडक भाकरी. पापडासारखी पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी. ती तुकडा मोडून मटणाला लावून खायची नाही. मुठीनं चुरायची, वाटीभर रस्सा ओतायचा आणि थांबायचं. लहानपणी मी लगेच हात घालायचो, तेव्हा पातेल्याजवळच्या मावशी म्हणायच्या, "बाळा, भाकरीला जरा रस्सा पिऊ दे की." दोनेक मिनिटांत चुरा फुगतो, पण मधूनमधून दाताखाली कुरकुर राहते. त्यावर लिंबू, सोबत कांदा. हा काला सुक्या मटणाच्या फोडीबरोबर खाल्ला की दुसरं काही मागवावंसं वाटत नाही. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर भाकरीला स्वतःची गोडी असते, आणि ती या तिखटाला सांभाळून घेते.

निघताना शेंगाची चटणी बांधून घ्या. कुटलेलीच मागा, कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटून ती ओलसर होते, मिक्सरची भुकटी राहते. कडक भाकरीही न्या, बरेच दिवस टिकते. फक्त गाडीत ती मांडीवर ठेवा, बॅगेत कोंबलीत तर पुण्यापर्यंत तिचा चुरा होतो.